ऑफ-ग्रिड सोलरची बॅटरी मध्यरात्रीच संपत असेल तर: तपासणीचा क्रम

लक्षणे

घर विजेच्या तारेला न जोडता फक्त पॅनल आणि बॅटरीवर चालते. संध्याकाळी सातला दिवे लागतात, जेवणे उरकेपर्यंत सगळे सुरळीत चालते, आणि रात्री बारा-एकच्या सुमारास इन्व्हर्टर दोन-चार वेळा वाजून बंद पडतो. सकाळी नऊ-दहाला तो पुन्हा चालू होतो, दुपारी कंट्रोलरवर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत भरणाऱ्या यंत्रावर, बॅटरी पूर्ण भरल्याची खूण दिसते, आणि रात्री पुन्हा तोच प्रकार घडतो. याच दुखण्याची आणखी काही रूपे आहेत. नुसते दिवे व्यवस्थित चालतात, पण मिक्सर किंवा पाण्याची मोटर लावली की दिवे मंद होऊन इन्व्हर्टर ट्रिप होतो. आषाढ-श्रावणात त्रास वाढतो आणि दिवाळीनंतर आपोआप कमी होतो. नवी बॅटरी बसवली की तीन-चार महिने उत्तम जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत बोलके आहे. पुणे जिल्ह्यातल्या भोर, वेल्हे आणि मुळशी या भागांत डोंगरउतारांवरच्या वस्त्यांवर आणि शेतघरांवर मी अकरा वर्षे हेच दुरुस्तीचे काम करतो आहे. ‘बॅटरी गेली’ म्हणून बोलावणे येते, तेव्हा बहुतेक घरांत बॅटरी अजून गेलेली नसते; ती कित्येक महिने रोज थोडी थोडी उपाशी राहिलेली असते. शिसे-आम्ल बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली की तिच्या आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात, आणि प्लेटचा तेवढा भाग पुढे वीज साठवत नाही. मूळ कारण न शोधता नवी बॅटरी आणली तर तीही त्याच वाटेने जाते, आणि घरच्यांना वाटते की सोलर म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पंधरा-सोळा हजारांची बॅटरी घेण्याआधी पुढच्या तपासण्या याच क्रमाने कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या तीन तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

समजायला सोपे जावे म्हणून मी या भागात वारंवार दिसणारी जोडणी गृहीत धरतो: १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची एक ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची शिसे-आम्ल) बॅटरी, ३३५ वॅटचे एक पॅनल, एक चार्ज कंट्रोलर आणि एक लहान इन्व्हर्टर.

हात लावण्यापूर्वी

अंगठी, कडे आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी. बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये धातू आडवा आला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी क्षणात लाल होऊन बोट भाजते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. अनेक घरांत जागेअभावी बॅटरी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली असते आणि वर समई किंवा उदबत्ती तेवत असते. ती जागा आधी बदलावी. पॅनलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारांत वीज असतेच, तिला बंद करायचे बटण पॅनलमध्ये नसते. काही सोडवायचे झाले तर प्रथम पॅनलची बाजू तोडावी आणि नंतर बॅटरीची. जोडताना प्रथम बॅटरी आणि मग पॅनल. हा क्रम उलटा झाला तर बॅटरीविना उरलेल्या कंट्रोलरवर पॅनलचा पूर्ण दाब (व्होल्टेज) येतो आणि तो जळू शकतो.

पहिली तपासणी: वही आणि पेन

घरात काय काय चालते, किती वॅटचे आहे आणि किती तास चालते, हे एका दिवसापुरते लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून ते कोणी करत नाही, आणि अर्ध्या तक्रारींचे उत्तर तिथेच असते. एका घराचा हिशेब असा निघाला: ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास म्हणजे १८० वॅट-तास, ७५ वॅटचा जुना पंखा आठ तास म्हणजे ६००, टीव्ही तीन तास म्हणजे १५०. त्या घरातल्या काकूंनी विचारले, “एवढेच तर आहे, मग बॅटरी जाते कुठे?” बॅटरी जुन्या पंख्यात आणि इन्व्हर्टरमध्ये जात होती. लहान इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी साधारण १५ वॅट खातो. चोवीस तासांचे ते ३६० वॅट-तास होतात, म्हणजे त्या घरातल्या सगळ्या दिव्यांच्या दुप्पट.

बेरीज १२९० वॅट-तास झाली. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण तिने चार-पाच वर्षे टिकावे असे वाटत असेल तर रोज निम्म्याहून जास्त काढू नयेत, आणि त्या ९०० मधूनही इन्व्हर्टरमधल्या घटीत शे-दीडशे जातात. त्यामुळे ही बॅटरी मध्यरात्री संपणारच होती. तिथे मी एकही भाग बदलला नाही. काकूंना साधारण ३० वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा घ्यायला सांगितले आणि दिवसा घरात कोणी नसताना इन्व्हर्टर बटणावरून बंद करायची सवय लावली. पंखा २४० वर आला, इन्व्हर्टर २१० वर, आणि एकूण गरज ७८० वॅट-तासांवर आली.

दुसरी: इन्व्हर्टरच्या मागचे बटण

बऱ्याच इन्व्हर्टरांवर आणि कंट्रोलरांवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते: ट्यूब्युलर, साधी फ्लॅट प्लेट, किंवा पाणी न लागणारी सीलबंद. ट्यूब्युलर बॅटरीला भरताना १४.४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. निवड सीलबंदवर राहिली तर अनेक उपकरणे त्याआधीच हात आखडता घेतात, बॅटरी कधीच काठोकाठ भरत नाही, आणि तरीही हिरवा दिवा लागतो. साफसफाई करताना हे बटण सरकलेले मी अनेकदा पाहिले आहे. हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

तिसरी: छपराकडे नजर

सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन या वेळांना खाली उभे राहून पॅनलकडे पाहावे. पॅनल बसवताना फणस लहान होता, आता त्याची फांदी दोननंतर पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली टाकते, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण सावली हळूहळू वाढलेली असते. पॅनलमधले सेल साखळीसारखे जोडलेले असतात. साधारणपणे तीन बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा देणारे छोटे भाग, या साखळीचे तीन भाग करतात, म्हणून एका सेलवरची सावलीसुद्धा पॅनलची एक तृतीयांश वीज घेऊन जाते. डिशची छत्री, पाण्याची टाकी आणि कपडे वाळवायची दोरी हेही नेहमीचे गुन्हेगार आहेत.

डोंगरावरच्या घरांत पॅनलच्या खालच्या चौकटीजवळ पावसाळ्यानंतर बोटभर रुंदीची हिरवी शेवाळाची पट्टी साचते. वरून धुळीने भरलेले पॅनल चार-दोन टक्क्यांचे नुकसान करत असेल, पण ही पट्टी खालच्या ओळीतले सगळे सेल झाकते आणि नुकसान कितीतरी मोठे होते. पॅनल पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पत्रा ओला असेल तर छपरावर चढूच नये. त्या एका दिवसाच्या विजेसाठी जीव धोक्यात घालण्याची काही गरज नाही.

चौथी: टर्मिनल आणि लग

बॅटरीच्या टर्मिनलवर निळसर-पांढरी पूड साचलेली असेल तर वीज त्या पुडीतून वाट काढत असते. मोटर लावताच दिवे मंद होणे, हे बहुतेक वेळा याच जागेचे लक्षण असते, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या चार ते सहा पट करंट मागते आणि सैल सांध्यावर तेवढाच दाब कमी होतो. इन्व्हर्टरला वाटते की बॅटरी रिकामी झाली, म्हणून तो बंद पडतो. भार चालू असताना टर्मिनलच्या जवळ हाताची मागची बाजू, स्पर्श न करता, धरून पाहावी. एक लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर सांधा खराब आहे. सर्व बंद करून, खाण्याच्या सोड्याचे पाणी लावून जुन्या दातांच्या ब्रशने टर्मिनल घासावे, कोरडे करावे, नट घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. सोड्याचे पाणी सेलच्या झाकणातून आत जाता कामा नये, कारण ते आतल्या आम्लाची ताकद मारते.

पाचवी: बॅटरीचे पाणी

प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे आणि बाकीचे बॅटरी पूर्ण भरल्यावर. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना आम्ल उतू जाते. आरओचे, विहिरीचे किंवा उकळून गार केलेले पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार आतच राहतात. आम्ल कधीही घालू नये, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी. दर महिन्याला पाणी लागत असेल तर बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आहे किंवा ती चुलीजवळ, पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ठेवलेली आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, म्हणून तिची जागा घरातली सर्वांत गार आणि हवेशीर असावी.

सहावी: पहाटेचे व्होल्ट आणि हायड्रोमीटर

इथून पुढे दोन साधने लागतात: एक साधा मल्टिमीटर आणि आम्लाची घनता मोजणारा दोन-तीनशे रुपयांचा काचेचा हायड्रोमीटर.

पहाटे, पॅनलवर ऊन येण्याआधी, सगळा भार बंद करून तासभर बॅटरी शांत ठेवावी आणि मग व्होल्ट मोजावेत. भरलेली ट्यूब्युलर बॅटरी १२.५ ते १२.७ दाखवते, १२.१ च्या आसपास ती अर्धी असते, आणि ११.८ च्या खाली ती जवळजवळ रिकामी. भर दुपारी चार्ज होत असताना दिसणारे १३ किंवा १४ व्होल्ट हे चार्जरचे असतात, बॅटरीचे नव्हेत. त्यावरून निष्कर्ष काढणे ही सर्वांत मोठी फसगत आहे. शांत बॅटरी १०.५ च्या जवळ अडकून बसली असेल तर सहा सेलांपैकी एक मेला आहे, कारण एका सेलचे दोन व्होल्ट त्यातून गळालेले असतात.

हायड्रोमीटरची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दिवसभर चांगले ऊन पडलेल्या दिवशी संध्याकाळी, पाणी घातले असल्यास किमान एक दिवस जाऊ देऊन, सहाही सेलांचे आकडे क्रमाने लिहावेत. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ते १२४० ते १२५० असावेत. एक सेल ११५० आणि बाकीचे १२४० असतील तर तो सेल खराब आहे आणि बॅटरी बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. सहाही सेल ११८० च्या आसपास सारखेच खाली असतील, तर बॅटरी बहुधा शाबूत आहे आणि तिला पुरेसे खायला मिळत नाही. या एका फरकावरून पुढची दिशा ठरते. तुमची बॅटरी लिथियमची असेल तर ही संपूर्ण तपासणी सोडून द्यावी. तिच्यात पाणी नसते, आणि तिचा दाब जवळजवळ रिकामी होईपर्यंत फारसा हलत नाही, त्यामुळे व्होल्टवरून शिल्लक कळत नाही.

सातवी: दुपारचा करंट

सेल सारखेच खाली आहेत, सावली नाही, टर्मिनल स्वच्छ आहेत, तरी बॅटरी भरत नाही, अशा वेळी भर दुपारी पॅनलकडून किती अँपिअर येतात ते पाहावे. कंट्रोलरच्या पडद्यावर हा आकडा दिसतो. दिसत नसेल तर डीसी, म्हणजे बॅटरीच्या बाजूचा एकाच दिशेने वाहणारा करंट, मोजणारा आणि तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प मीटर लागतो. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, हे विकत घेताना तपासावे.

एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी साडेतीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि तिसरीची किंमत विचारायला त्यांनी मला बोलावले होते. मार्च महिना होता, दुपारचे सव्वाबारा, आभाळ निरभ्र. मी तारेला क्लॅम्प लावला आणि आकडा आला ८.९ अँपिअर. पॅनलच्या मागचे लेबल वाचले: ३३५ वॅट, काम करण्याचा दाब ३७.८ व्होल्ट. कंट्रोलर होता स्वस्तातला, पीडब्ल्यूएम पद्धतीचा. हा कंट्रोलर पॅनल आणि बॅटरी यांना थेट जोडतो. पॅनलला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली ओढतो, पण करंट वाढवत नाही. म्हणजे ८.९ गुणिले १३, जेमतेम ११६ वॅट. सरांनी ३३५ वॅटचे पैसे दिले होते आणि पहिल्या दिवसापासून त्यांना त्याच्या एक तृतीयांशाच्या थोडे वर मिळत होते. कुठलीही वस्तू बिघडलेली नव्हती. या वस्तू एकमेकींसाठी नव्हत्याच. आम्ही एमपीपीटी कंट्रोलर बसवला, जो वरचा दाब खाली आणताना करंट वाढवतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आकडा २१ आला. सर बराच वेळ मीटरकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मग त्या दोन बॅटऱ्या फुकटच गेल्या म्हणायच्या.” मला त्यांना होच म्हणावे लागले.

ही चूक फार पसरलेली आहे. साठ किंवा बहात्तर सेलांचे मोठे पॅनल विजेच्या तारेला जोडलेल्या छतावरच्या सोलरसाठी बनलेले असते, म्हणून ते वॅटमागे स्वस्त पडते आणि १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीही तेच दिले जाते. पॅनलच्या लेबलावर ३० व्होल्टच्या वरचा आकडा, १२ व्होल्टची बॅटरी आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर, असे त्रिकूट दिसले तर पुढे काही शोधू नये.

आठवी: तारेची जाडी

कंट्रोलर छपराजवळ आणि बॅटरी खाली दहा मीटरवर असेल, आणि मधली तांब्याची तार अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन वीस मीटर तारेत १० अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट गळतात. कंट्रोलरला आपल्या टोकाशी १४.४ दिसतात आणि तो चार्जिंग आवरते घेतो. बॅटरीला मात्र १२.९ मिळतात. कंट्रोलर बॅटरीच्या हाताच्या अंतरावर आणावा आणि लांब अंतर पॅनलच्या बाजूला ठेवावे, तेही किमान चार किंवा सहा चौरस मिलिमीटरच्या सोलर तारेने. तपासायला सोपे आहे: चार्ज होत असताना कंट्रोलरच्या टोकांवर आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तार किंवा मधला एखादा सांधा, फ्यूज दोषी आहे.

नववी: पावसाळ्याचा हिशेब

वरचे सगळे ठीक असूनही फक्त जुलै-ऑगस्टमध्ये त्रास होत असेल, तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही. व्यवस्था लहान आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पॅनलला पूर्ण ताकदीचे साधारण पाच तास मिळतात. ३३५ गुणिले ५, त्यातून उष्णता, तारा आणि कंट्रोलरची घट म्हणून तीस टक्के वजा केले तर सुमारे ११७० वॅट-तास उरतात. ७८० ची गरज असलेल्या घराला, बॅटरीतली घट धरून, ९७५ लागतात. म्हणजे भागते. घाटमाथ्यावर आषाढात हेच पाच तास अडीचवर येतात, झड लागली की एकावर, आणि अडीच तासांचे होतात जेमतेम ५८६. पंखा नको असला तरी ५४० ची गरज उरते, त्यासाठी ६७५ हवेत. इथे बॅटरी वाढवणे हा नेहमी दिला जाणारा आणि चुकीचा सल्ला आहे, कारण मोठा हंडा आणल्याने झऱ्याला पाणी येत नाही. दुसरे पॅनल लावावे. मात्र ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहा ते वीस टक्के, म्हणजे १५ ते ३० अँपिअरच चार्जिंग सोसते, म्हणून कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादा घालावी किंवा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची व्यवस्था करावी.

पूर्णपणे बॅटरीवर राहणे परवडते का, असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारते. जिथे तार पोहोचत नाही तिथे दिवे, पंखा, मोबाइल, टीव्ही यांसाठी ते नक्की परवडते आणि मी स्वतः अशी घरे वर्षानुवर्षे सुखाने चालताना पाहतो. गिझर, इस्त्री, विजेची शेगडी यांचा आग्रह असेल तर ते परवडत नाही. दारात विजेची तार असताना ती तोडून बॅटरीवर जाणे मला पटत नाही, कारण दर चार-पाच वर्षांनी बॅटरीचा खर्च उभा राहतो, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदानही तारेला जोडलेल्या छतावरच्या सोलरसाठीच आहे.

इथे थांबावे आणि माणूस बोलवावा

बॅटरी फुगली असेल, हाताला चटका बसेल इतकी तापली असेल किंवा सडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर खोलीची दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे. चार्जिंग दुरून, मुख्य स्विचवरून बंद करता आले तरच करावे. पॅनलच्या चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पुन्हा हात लावू नये; अर्थिंग तुटले आहे किंवा तारेचे वेष्टण फाटले आहे. पॅनल एकामागे एक जोडून शंभर व्होल्टच्या वर गेलेली जोडणी घरी उघडू नये, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही आणि साधा एसीचा एमसीबी ती तोडू शकत नाही. इन्व्हर्टरचे झाकण काढू नये; बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. लिथियमची बॅटरी कोणत्याही कारणाने खोलू नये. वीज कडाडून गेल्यानंतर यंत्रणा बंद पडली असेल तर वरच्या तपासण्या न करता थेट जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

बोलावताना त्याला पुढील गोष्टी लिहून द्याव्यात: भाराची यादी, पहाटेचे व्होल्ट, सहा सेलांचे आकडे, दुपारचे अँपिअर, आणि पॅनल व कंट्रोलरच्या लेबलांचे मोबाइलवर काढलेले फोटो. एवढे हातात असले तर माझे निम्मे काम फोनवरच होते, आणि लागणारे सामान मी एकाच फेरीत घेऊन येतो. बॅटरी खरोखरच बदलावी लागली तर जुनी भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. तिच्यातले शिसे आणि आम्ल विहिरीच्या पाण्यात उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो.